जून पानं केसाला

सोमवार, ४ मार्च

टिंगू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच कचऱ्यात टाकलं नसशील, असं धरून लिहिते. फोन करून बघितला होता. दोनदा नुसता वाजला आणि तिसऱ्यांदा तू कट केलास. पत्राचं बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

काम आहे म्हणून लिहितेय. आईच्या तोंडात फोड आलेत. हृदयाची इतकी औषधं चालू आहेत की त्यांनीच तोंड सोलवटलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी दिलेलं जेल झोंबतं म्हणून आई ओठ घट्ट मिटून बसते, आणि आई ओठ मिटून बसली की घरात काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको. काल म्हणाली, "पानांचं पाणी दे." मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नुसत्या चुळा भरा, गिळू नका, मग चालेल. मागच्या अंगणातला पेरू अजून आहे. मूठभर पानं तोडली, उकळली, गाळली, कोमट करून दिली. आईने एक चूळ भरली आणि मोरीचं पाणी पाजल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"ही कुठली पानं? ही तर केसाची!"

आता मला काय ठाऊक! कोवळी पोटाला, मधली तोंडाला, जून केसाला, एवढं मलाही पाठ आहे. पण मधली म्हणजे नेमकी कुठून मधली? शेंड्यापासून चौथी की सातवी? पानं तोडणं तुझं खातं होतं. माझं खातं गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं आणि टॉवेल वाळत घालायचं. तेव्हा कितवं पान आणि तांब्याभर पाण्याला किती, एवढं कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

पार्लर चालू आहे. समोरच्या खोलीत तेच दोन आरसे. डावीकडच्यात अजून सगळ्यांचं नाक लांब दिसतं, आणि नव्या गिऱ्हाइकाला मी अजून उजवीकडेच बसवते.

तुझी ताई

ता. क. आई तुझ्याबद्दल विचारत नाही. उगीच गोड खोटं कशाला लिहू? पण ती चूळ थुंकून झाल्यावर म्हणाली, "तिला बरोबर जमायचं." ती कोण, ते मी विचारलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

टिंगू,

तुझं कार्ड आलं. अठरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तशीच 'ल' ला शेपूट काढतेस. "पाचवं ते आठवं पान. तांब्याला बारा. बोटांनी तोड, कात्री नको. दहा मिनिटं उकळ." आणि खाली एकच ओळ: "कशात उकळतेस ते बघ."

स्टीलच्या पातेल्यात उकळते, बाई.

बारा पानं बरोबर लागली. आईने तीन चुळा भरल्या आणि दुपारी अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. म्हणजे पास झाले. आता दिवसातून चार वेळा पाणी करते. स्वयंपाकघरात तोच वास भरून राहतो, थोडा चहासारखा, थोडा ओल्या गवतासारखा. त्या वासाने माझं काय होतं ते तुला सांगते. मी पन्नाशीला आलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण तो वास आला की वाटतं आत्ता मागच्या पायरीवरून तू ओरडशील, "ताई, बादली आण गं, पाणी निवलं!"

आठवतं का, आई आपल्या दोघींना पायरीवर बसवायची, तू खालच्या पायरीवर, मी वरच्या, आणि एकाच बादलीतलं पाणी आधी माझ्या केसांवर ओतायची, ते ओघळून तुझ्या डोक्यावर पडायचं? तू रोज भांडायचीस की मला ताईचं उष्टं पाणी का. आई म्हणायची, उष्टं नाही, मुरलेलं आहे. तेवढ्यावर तुझं समाधान व्हायचं, इतकी तू बावळट होतीस.

आणि माझी मुरमं! पंचविशी उलटली तरी जाईनात. आई मधली पानं वाटून तोंडाला लेप लावायची आणि वाळेपर्यंत हसायचं नाही अशी ताकीद द्यायची. एकदा मी अशी हिरवी होऊन पुढच्या खोलीत बसलेय आणि नेमका वायरमन मीटर बघायला आला. तो दचकला, मी दचकले, आणि तू आरशामागे लपून फिदीफिदी हसत होतीस. त्यानंतर तू त्याला 'करंट' म्हणायला लागलीस. "ताई, तुझा करंट आलाय." मी तुला चिमटे काढायची, पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आईचे केस विचारशील तर अजून आहेत. पूर्वीची जाडी नाही, पण पांढरेशुभ्र, कंबरेपर्यंत. त्यांना कधी रंग लागू दिला नाही तिने. आपली पाटी म्हणजे आईचे केस, असं गिऱ्हाइकं म्हणायची ना? अजून रोज सकाळी खाटेवर बसून स्वतः विंचरते, मला हात लावू देत नाही. श्वास लागतो, मधे थांबते, पुन्हा विंचरते.

डॉक्टरीणबाईंनी मला परवा बाहेर बोलावलं. म्हणाल्या, लांबचे बेत करू नका, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा.

मी तुला बोलावतेय, टिंगू.

ताई

गुरुवार, २१ मार्च

टिंगू,

तुझं पत्र मिळालं. हात जोडते, असं चार ओळींत लिहू नकोस. चार ओळींत मार जास्त लागतो.

तू लिहितेस, "त्या झाडाला हात लावू नकोस असं आईने मला सांगितलं होतं. ते शब्द ती परत घेते का विचार. आणि का घेते तेही तिला कळू दे. नुसतं मरायला टेकलीय म्हणून घेऊ नये." शेवटचं वाक्य वाचून मला तुझा राग आला. आणि मग आला नाही, कारण तुझं बरोबर आहे.

म्हणजे आता मला तिला सांगावं लागणार. तुला एकदा धड लिहून काढते, म्हणजे बोलताना पळवाट राहणार नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात सांगतेय, तेव्हा दरवेळी मी थोडी थोडी बरी होत जाते.

गणिताच्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं त्या दिवशी. बाई सकाळी आठला येणार होत्या. त्यांचेही आईसारखे पांढरे केस, दोघी मैत्रिणी एकमेकींच्या केसांची उगीच तुलना करायच्या. पाणी उकळायला आईने तुलाच सांगितलं होतं, पण तू फॉर्मच्या रांगेत नंबर लावायला गेली होतीस, तेव्हा तू येईपर्यंत निवेल म्हणून आईला न सांगताच मी जून पानं काढली. मी एनॅमलचं मोठं पातेलं चढवलं. आणि मागच्या भिंतीपलीकडे करंट उभा होता. खांबावर काम होतं त्याचं. तो काय बोलला ते आठवत नाही. मी काय बोलले तेही नाही. मी फक्त तिथून हलले नाही. परत आले तेव्हा पाणी आटून पानं तळाला जळून चिकटली होती आणि घरभर धूर.

आई न्हाणीघरात होती. मी खिडक्या उघडल्या, जळकं पातेलं पेरूमागे पाल्यात लपवलं. तेवढं मोठं दुसरं भांडं नव्हतं. लोखंडी कढई होती.

मला ठाऊक होतं, टिंगू. नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही. पेरूच्या पानाला लोखंड दाखवायचं नाही, हे आई आपल्याला जेवताना, झोपताना, येता जाता सांगायची. कात्रीसुद्धा चालायची नाही तिला. पण मी म्हटलं, एक उकळी येईल फक्त, काय होतंय! पाणी काळसर झालं तेव्हा वाटलं, पानं जून आहेत म्हणून असेल. बादलीत ओतलं, कढई घासून टांगली. मग तू धावतपळत आलीस, हात धुतलेस आणि ती बादली उचलून बाईंच्या डोक्यावर ओतलीस.

पुढचं तुला माहीत आहे. बाईंचे केस वाळले आणि डबक्याच्या तळाचा रंग चढला. हिरवट काळा, ठिकठिकाणी. तीनदा साबण लावला तरी जाईना. मुलीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्या डोक्याला रुमाल बांधून आहेत. आईने सगळ्यांदेखत तुला विचारलं, "कशात उकळलंस?" तू म्हणालीस, "मी उकळलं नाही." आणि तू माझ्याकडे बघितलंस.

मी टॉवेलाची घडी घातली.

आईने मला विचारलं, "तुला काही माहीत आहे?" मी म्हटलं, "नाही बाई." एवढंच म्हटलं मी. दोन शब्द. आणि आई तुला म्हणाली, "चुकलीस त्याचं काही नाही, पण खोटं बोलणारा हात माझ्या झाडाला लागता कामा नये." तू बाविशीची होतीस. आठवड्याभरात बॅग भरलीस. दारातून तू मला म्हणालीस, "ताई, अजून वेळ आहे." आणि मी मान खाली घालून तुझ्या बॅगेची चेन नीट लावत बसले.

करंटची बदली झाली त्याच वर्षी. एक कार्डसुद्धा आलं नाही. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही, हसायला यावं म्हणून लिहितेय. त्या माणसासाठी!

आता माझी भीती ऐक. अठरा वर्षं आईजवळ मीच आहे. तिची औषधं, तिचं पथ्य, तिच्या शिव्या. माझ्याकडे दुसरं काही नाही. थोडे दिवस उरलेत, आणि त्या दिवसांत तिने माझ्याकडून तोंड फिरवलं, तर ते मला पुन्हा कधी नीट करता येणार नाही. पण सांगेन. तुला वचन द्यायची माझी लायकी नाही, म्हणून नुसतं सांगेन म्हणते.

ताई

मंगळवार, २ एप्रिल

टिंगू,

आधी तुझ्या पत्राचं. "हे वाचायला मी अठरा वर्षं थांबले होते," असं लिहून तू खाली शांतपणे लिहितेस की तो डाग लिंबाच्या पाण्याने जातो, शाम्पूच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्याच वर्षी तुला कळलं. लिंबू! अगं, त्या दिवशी टोपलीत चार लिंबं होती! मी ती ओळ वाचून आधी हसले आणि मग ओट्यापाशी उभी राहून इतकी रडले की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा लेप वाळून कडकडीत झाला. तुमच्या त्या बाटलीवर हल्ली पेरूच्या पानाचं चित्र असतं, ते मी दुकानात बघितलंय. पान उलटं छापलंय, शिरा वर. तुझ्या साहेबांना सांग.

आता आईचं. सांगितलं.

मी वेळ अशी निवडली की तिचं तोंड चुळीने भरलेलं असेल. हस. पण ती मधे बोलली असती तर माझ्याच्याने पुढे झालं नसतं. तिने चूळ भरली आणि मी सुरू केलं. एनॅमलचं पातेलं, करंट, धूर, कढई, बादली, टॉवेल. सगळं. तिचे गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. मी संपवलं तरी ती चूळ टाकेना. मला वाटलं गिळली की काय. मग हळूच वाकून तिने भांड्यात थुंकलं, ओठ पुसले आणि म्हणाली,

"कढई कुठाय?"

"माळ्यावर."

"हं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

आज पाचवा दिवस. माझ्याशी बोलत नाही. चुळा भरते, भात खाते, औषध घेते, सगळं माझ्याच हातून घेते, पण जणू मी नर्स आहे. कालपासून केस विंचरले नाहीत तिने. मी कंगवा हातात दिला तर खाटेवर ठेवून दिला.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही नसतं गं. फार जड वाटतंय. पण रोज तोच जुना खोटेपणा ढकलत बसण्यापेक्षा हे जड बरं.

ताई

मंगळवार, ९ एप्रिल

टिंगू,

हे पत्र उभ्या उभ्या लिहितेय, कारण आई पलीकडून सांगतेय की लिही, लिही, आजच टाक.

काल सकाळी तिने मला हाक मारली. नावाने नाही, "ए कढईवाले" म्हणून. मी धावत गेले. म्हणाली, "माळ्यावरून ती काढ. घासू नकोस. जून पानं तोड, खालच्या फांदीची, बोटांनी."

मी म्हटलं, "आई, कशाला?"

"सांगते तेवढं कर. त्या दिवशी जसं केलंस तसंच कर."

मी केलं. पाणी काळसर झालं तेव्हा तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला, फक्त या वेळी भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. कोमट झाल्यावर तिला आधार देऊन पुढच्या खोलीत आणलं. ती डावीकडच्या आरशासमोर बसली. मी म्हटलं उजवीकडे बस. म्हणाली, "असू दे. आज नाक लांबच दिसू दे माझं."

मग तिने वेणी सोडली आणि मान मागे टाकली. "ओत."

"आई, नको गं. एवढे जपलेस ते केस."

"म्हणूनच. शब्द परत घेतले असं तू पत्रात लिहिशील, ती वाचेल, आणि म्हणेल, म्हातारी मरायला टेकलीय म्हणून बोलतेय. तिला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. चारचौघांत मी तिला खोटं पाडलं, आता चारचौघांत मी हे डोकं घेऊन बसणार. ओत म्हटलं ना!"

मी ओतलं, टिंगू. आईच्या केसांवर. रडत रडत ओतलं, आणि ती आरशात बघून मलाच ओरडत होती की मागचा भाग राहिला, नीट ओत, त्या दिवशी काही राहिलं नव्हतं.

वाळले तेव्हा तोच रंग. हिरवट काळा, पट्ट्यापट्ट्यांचा. दुपारी तिने गणिताच्या बाईंना फोन करायला लावला. अठरा वर्षं त्या आपल्या दारासमोरून जाताना रस्ता बदलायच्या. आल्या, काठी टेकत. दारात उभ्या राहून त्यांनी आईकडे बघितलं, आणि आई म्हणाली, "बाई, धाकटीने केलं नव्हतं. थोरलीने केलं होतं. आणि मी धाकटीला घालवलं." बाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग त्या आईशेजारी बसल्या, तिच्या केसांची एक बट बोटात धरून बघितली आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुला जास्त शोभतोय." आणि दोघी म्हाताऱ्या अशा हसल्या की आईला धाप लागली आणि मला गोळी शोधायला पळावं लागलं. जाताना बाई मला म्हणाल्या, "तुझ्याशी मी उद्या बोलेन. आज हसले, तेवढं पुरे." उद्या म्हणजे आज. मी वाट बघतेय, माझं काय व्हायचं ते होईल.

संध्याकाळी आईला मी विचारलंच, "आणि मी? माझं काय?" ती म्हणाली, "तुला मी काही बोलणार नाही. अठरा वर्षं मला धुतलंस, पुसलंस, ते खोटं होतं असं मला कुणी सांगू नये. पण पोरगी घालवली आपण दोघींनी. माझं मी डोक्यावर घेतलं. तुझं तू तिच्याशी बघ." मग माझ्या गालावर हात ठेवला. तिचा हात आता कागदासारखा झालाय.

माझं तुझ्याशी काय बघायचं ते मला अजून कळत नाही. माफ कर म्हणायला तोंड नाही. तू आलीस तर खालच्या पायरीवर मी बसेन, एवढं ठरवलंय.

सकाळी मी लिंबाचं पाणी करून तिच्याजवळ नेलं. म्हटलं, चल, काढून टाकू. तिने वाटी बाजूला सारली. कुणाला डोक्याला हात लावू देणार नाही म्हणते. ज्या हाताला झाड बंद केलं होतं, त्याच हाताने धुवायचं, असा तिचा हट्ट आहे. गिऱ्हाइकं आली की त्यांना स्वतःहून सांगते, "हे माझ्या चुकीचे केस आहेत. धाकटी येतेय धुवायला." मी म्हटलं, आई, ती येते म्हणाली नाहीये अजून. तर म्हणते, "तू पत्र टाक."

आता बाजारातून दोन लिंबं आणायला सांगितली, पिवळी, पातळ सालीची. ती आणून तिच्या उशाच्या खिडकीत ठेवलीत. कापू देत नाही. म्हणते ती आली की कापेल.

लिंबं आठवडाभर टिकतील, टिंगू. लवकर ये.

ताई